काल पाचशे

डायलिसिसच्या खोलीबाहेर एक शिंपी आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. शेजारी बसलेल्या मावशींचे यजमान आत खाटेवर होते. नर्स मावशींची वही तपासत होती.

"काकांना एवढी सूज कशी? पाणी मापून देता ना?"

"तुम्हीच सांगितलंत, आदल्या दिवशी लघवी होईल तेवढं, वर दोन पेले."

"काल पाचशे मिली लघवी लिहिलीय. खरी किती?"

"दोन चमचे. बाकी मी लघवीच्या बाटलीत नळाचं पाणी ओतते. भरलेली दिसली की चार घास जेवतात हो."

"मग पाणीही तेवढंच जास्त जातंय. म्हणून तर धाप लागते. वहीत खरं लिहा."

"आणि बाटलीत?"

आतून काकांची हाक आली. "सिस्टर, काल पाचशे झाली. हिनं सांगितलं का?"

"सांगितलं, काका."