बाही तेवढी तशीच ठेवली

मी मूळची वैरागकडची, वडलांची कोरडवाहू शेती, नववीत हुते तवा लगीन करून सोलापुरात दिलं, मालक रिक्षा चालवायचे आन मी घरीच ब्लाऊज शिवायची, तीस-बत्तीस वर्सं शिवले बघा. काय सांगू तुमाला, माप घेताना बाई लई बोलती. पाठमोरी हुबी असती की, तोंड दिसत न्हाय, मग सासू, नवरा, माहेर, समदं निगतं. मी टेप धरून व्हय व्हय करायची. घर कसं भरल्यागत वाटायचं.

मालक गेले, पोरगी पुण्याला दिली, मला सुईत दोरा घालाय दिसंना. मग पोरीच्या जुन्या वह्यांत कोरी पानं हुती, त्यावर लिवाय लागले, ऐकलेलंच लिवलं. छप्पनाव्या वर्सी पैली गोष्ट दिवाळी अंकात आली, मी मशीन इकली आन तितं टेबल मांडलं. पोरगी फोनवर म्हणली, आई, ह्या वयात हे काय काढलंस? मी म्हणलं, काम बदललं बाई.

ती गोष्ट एका गिऱ्हाइकाची हुती, तिला कमल म्हणू. भर उन्हाळ्यातबी तिला कोपराच्या खाली बाही लागायची, का, ते मला माप घेताना दिसलं हुतं, हातावर माराचे वळ हुते. मी नाव बदललं, गाव बदललं, नवऱ्याचा धंदा बदलला. तर अंक घिऊन ती दारात हुबी. आत ये म्हणलं, आली न्हाय. म्हणली, ताई, समदं बदललं तुमी, बाही तेवढी तशीच ठेवली. मी इचारलं, तुज्या मालकांनी वाचलं का गं? म्हणली, जावेनं वाचलं, आता घरात समद्यांना म्हाईत हाय, इतकी वर्सं मी झाकून ठेवलं हुतं. अंक माझ्या हातात दिला आन गेली. नंतर दोनदा तिच्या गल्लीत गेले, दार उघडलं न्हाय.

मग बाकीच्या गिऱ्हाईक बायाबी तुटल्या. नव्या पेठेत एखादी समोरनं आली की पदर सावरती, हसती, आन पलीकडनं जाती. एक म्हणली, तुमच्याफुडं बोललं की छापूनच येतंय. मस्करीत म्हणली, पण थांबली न्हाय.

आता पुस्तक आलंय माझं. कमलची गोष्ट त्यात घालू दिली न्हाय मी. छापणारे म्हणले, तीच समद्यात चांगली हाय की. आसंल. रोज च्या पिऊन लिवाय बसते, ऐकाय कुणी न्हाय म्हणून एकटीच मोठ्यानं वाचते. लिवणं काय सुटत न्हाय. तुमी इतका येळ बसलात, बरं वाटलं. कमल कुटंबी आसू दे, सुखात आसू दे, आन मन मोकळं कराय तिला एखादी मिळू दे, लिवता न येणारी.