गिरणीखालची जमीन

माझं माहेर हिंजवडीचं, तवा तितं भात व्हायचा, आता भावांच्या खाचरात काचेच्या इमारती हायती. लगीन होऊन धायरीला आले तर हितं बी शेतंच व्हती, बघता बघता ती बी गेली, मग सासऱ्यांनी राहिलेल्या तुकड्यावर घर बांधलं अन् खाली पिठाची गिरणी टाकली. मालक गेल्यापासनं मीच चालवते. काय सांगू तुम्हाला, सगळा जन्म त्या घरघरीत गेला, त्यामुळं मी बोलते ती वरडूनच. सून म्हनती, आत्या, फोन कशाला लावता, हिंजवडीच्या मामींना तसंच ऐकू जाईल.

तर औंदा पावसाळा सरला अन् शेजारच्या मोकळ्या प्लाटात जमीन खचली, म्हस आत उभी राहील येवढी. तितं आमची विहीर व्हती, प्लाट विकताना सासऱ्यांनीच ती बुजवली. पन पानी वाढावं म्हनून तिला आतनं आडवं भुयार मारलेलं, अन् ते कुठवर गेलंय ते सांगायला आता कुनी उरलं न्हाई. बघायला आलेले महापालिकेचे साहेब म्हनले, भुयार घराखाली निघालं तर घर सोडावं लागंल. गिरणी चालली की पायाखाली थरथरतं, ते जन्मभर थरथरतंय, पन आता वाटायचं, आत्ता जातंय घर खाली, आत्ता जातंय. घास गिळत नव्हता हो.

मग साहेबांनी एक मॅडम धाडल्या, जमिनीची वढ मोजनाऱ्या, म्हंजे जमीन सगळ्याला खाली खेचती ती वढ. तीन पायावरचं इवलं यंत्र. खाली पोकळी आसंल तर वढ जराशी कमी भरती म्हनं. पन यंत्र लई नाजूक, टँकर गेला, वाऱ्यानं झाड हाललं, कुनी पाय आपटला, तरी आकडा नाचतो. मी म्हनलं, गिरणी चालू असताना माझा वजनाचा काटा नाचतो तसं. त्या हसल्या, म्हनल्या, तसंच, फक्त आमचा जास्त चिडका.

म्हनून गुरवार धरला. गुरवारी आमच्याकडं लाईट जाती, म्हंजे गिरणी बंद, पंप बंद. गाड्या गल्लीच्या तोंडालाच थांबवल्या, वारा आडवायला माझ्या सतरंज्या बांधल्या, बाया बघायला आल्या त्यांना म्हनलं, बसा गप, उठायचं न्हाई. लाईट गेली, अन् पलीकडच्या सोसायटीचा जनरेटर सुरू झाला. लाईट गेली म्हनूनच की! कुनाच्याच ध्यानात आलं नव्हतं, आमच्या कानाला तो आवाज आता आवाज वाटतच न्हाई. मॅडम म्हनल्या, आकडा ठरंना, पुन्हा कधीतरी येऊ. पुन्हा कधीतरी म्हंजे तवर माझा जीव टांगनीला.

मी उठले ती थेट सोसायटीत. सेक्रेटरी पेठेतनं आलेलं मानूस, म्हनले, लिफ्ट बंद झाल्यावर चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना आपण कडेवर नेणार का? मी म्हनलं, गिरणीत बसवते त्यास्नी, चहा पाजते, पन थोडा येळ बंद करा. त्यांनी पेपर पुन्हा तोंडापुढं धरला. मग मी म्हनलं, साहेब, भुयार माझ्या भिंतीपाशीच थांबलंय असं कोन म्हनलं? तुमचं पार्किंग बी त्याच रानात हाय. पेपर खाली आला. त्यांनी वॉचमनला हाक मारली.

जनरेटर थांबला. मी नवरी म्हनून आले तवाची शांतता ती, चिमन्या ऐकू आल्या. मॅडम एकाच जागी पुन्हा पुन्हा आकडा घ्यायच्या, पुढं सरकायच्या, परत पहिल्या जागी येऊन ताडून बघायच्या. मला म्हनल्या, मावशी, श्वास घ्या, तेवढा चालतो.

पुढं कळलं, भुयार उलट्या अंगाला, मोकळ्या प्लाटाखालीच गेलंय. खात्रीला घराशेजारी बोर मारून बघितलं, तर सगळा काळा कातळ. मी गिरणीच्या पायरीवर बसून रडले, बरं वाटलं म्हनून रडले. संध्याकाळी सेक्रेटरी गव्हाचा डबा घेऊन आले, म्हनले, आमचं पार्किंगही शाबूत आहे, दळण जरा बारीक करा.

देव त्या मॅडमचं भलं करो. परवाच्या गुरवारी लाईट गेली, जनरेटर धडधडाया लागला, सून खिडकी लावाया उठली. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे गं, वाजू दे त्याला किती वाजायचं ते. अन् पोटभर जेवले.