उजवीकडे, किंचित खाली

आजच्या या हृद्य समारंभाचे तरुण आणि केशसंपन्न अध्यक्ष महोदय. ज्यांनी संध्याकाळच्या खेळापर्यंत हे वरचं दालन आपल्याला उदार मनानं वापरायला दिलं आणि त्यामुळेच ज्यांची नजर सारखी घड्याळाकडे वळते आहे, ते चित्रगृहाचे व्यवस्थापक आणि आपल्या चाहता मंडळाचे सन्माननीय सभासद. मंडळाची नियमावली एकहाती लिहून काढणारे, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेले विद्वान चिटणीस. आजची सत्कारमूर्ती, म्हणजे माझी भाची. आणि समोर एकाच छापाचे टी-शर्ट घालून बसलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

मी पेशानं वार्ताहर. निरोप समारंभ हा आमच्या पोटापाण्याचा भाग. न्यायाधीश, मुख्याध्यापक, अग्निशमन दलाचे प्रमुख, अशा पुष्कळांना मी पुष्पगुच्छासह घरी जाताना पाहिलं आहे. पण समारंभ आटोपून सत्कारमूर्तीला रसायनशास्त्राच्या शिकवणीला जायचं आहे, असा निवृत्तीचा सोहळा मी पहिल्यांदाच पाहतो आहे. वय वर्षं सतरा. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीनं, मला फोन केला. म्हणाली, "दादा, ही निवृत्त झाली म्हणतात. मग पेन्शन कधी सुरू होईल? निदान तिच्या मोबाइलचा खर्च तरी सुटेल."

अध्यक्ष मला निमंत्रण द्यायला आले होते. "काका, दोन शब्द बोला. पण चांगलं बोला हं, वाईट काही नको."

मी म्हटलं, "बाळा, निरोपाच्या भाषणात वाईट कोण बोलतं? ज्याच्याविषयी वाईट बोलायचं असतं, त्याला लोक जाऊ देत नाहीत."

"आणि काका, पेपरात फोटो येईल ना?"

"सत्कारमूर्तीचा?"

"म्हणजे... मंडळाचा. अध्यक्षांसकट."

अध्यक्ष महोदय, लाजू नका. कीर्तीची इच्छा कुणाला नसते? मी स्वतः माझं नाव छापून आलेली कात्रणं जपून ठेवतो. फक्त ती कुणी मागत नाही, एवढंच.

आता आपल्या आराध्यदैवताविषयी. या मंडळात त्या तारकेचं नाव उच्चारलं की सर्वांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या, असा शिरस्ता आहे. म्हणून मी नाव घेणार नाही. व्यवस्थापकांना संध्याकाळचा खेळ वेळेवर सुरू करायचा आहे. ती गाते, ती नाचते, चित्रपटात रडते आणि मंचावर हसते, एवढं सांगितलं तरी आपल्याला ओळख पटावी.

तर या मंडळाची स्थापना झाली माझ्या बहिणीच्या घरी, एका कपाटाच्या दारावर. त्या दारावर तारकेचं पहिलं चित्र चिकटवलं ते या सत्कारमूर्तीनं. दोन मैत्रिणी जमिनीवर बसल्या, एकीनं टेबलफॅनसमोर केस उडवत गाणं म्हटलं आणि मंडळ स्थापन झालं. सांगायचं कारण असं, की मघाशी चिटणिसांनी जो मंडळाचा गौरवशाली इतिहास वाचून दाखवला, त्यात हे कपाट आलं नाही. नजरचुकीनं राहिलं असणार.

घरी आम्ही हिला शंकासुर म्हणतो. हे बिरूद तिनं फार कमी वयात मिळवलं. मी तिला चित्रपटाला घेऊन जायचो. नायक तुरुंग फोडून पळतो आहे, मागे शिपाई, सगळं चित्रगृह श्वास रोखून बसलेलं, आणि माझ्या कानाशी, "मामा, याची दाढी आत कोण करत होतं?" मी म्हणायचो, "गप गं, बघ तो पळतोय." की लगेच, "पळतोय ते ठीक, पण बूट कुणाचे?" गाणं सुरू झालं की मागे नाचणाऱ्या माणसांची काळजी. "मामा, एवढे लोक सकाळपासून उभे असतील. जेवले असतील का?" मंडळी, माझ्या आयुष्यातल्या कितीतरी चित्रपटांचा शेवट मला आजतागायत माहीत नाही, पण त्यांतल्या प्रत्येक टांगेवाल्याच्या, वेटरच्या आणि गर्दीतल्या म्हातारीच्या पोटापाण्याचा विचार मी करून ठेवला आहे.

मी जुन्या वळणाच्या पाठशाळेत शिकलो. आमच्या गुरुजींचा नियम होता, ज्याला शंका येते त्यानं पुढच्या ओळीत बसायचं. ज्याला काहीच शंका येत नाही त्यानं मागे, खिडकीशी, म्हणजे निदान वारा तरी मिळेल. या मंडळानं काळानुरूप सुधारणा केली आहे. इथे ज्याला शंका येत नाही तो व्यासपीठावर बसतो.

हसू नका, चिटणीस दुखावले जातील. त्यांनी फार कष्टानं मंजूर प्रश्नांची पद्धत बसवली आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो. तारकेला कधी प्रत्यक्ष भेटण्याचं भाग्य लाभलंच, तर काय विचारायचं हे मंडळाच्या सभेत आधीच ठरलेलं आहे. आवडता रंग कोणता? पुढचा चित्रपट कधी? चाहत्यांना काय संदेश द्याल? तिन्ही प्रश्नांची उत्तरं मंडळातल्या लहानातल्या लहान सभासदालाही पाठ आहेत. म्हणजे चुकून तारकाच उत्तर विसरली, तर आपण तिला सांगू शकू. केवढी ही दूरदृष्टी! आणि त्यावर कळस म्हणजे सातवा नियम. तो मी शब्दशः वाचतो, कारण असं गद्य हल्ली वाचायला मिळत नाही: "मंजूर प्रश्नांखेरीज अन्य कोणताही प्रश्न तारकेसंबंधी कोठेही, केव्हाही व कोणासही विचारणारा सभासद त्या क्षणापासून निवृत्त मानला जाईल." कोठेही, केव्हाही व कोणासही! चिटणीस, आपण वकील होणार यात मला शंका नाही. माझी शंका फक्त आपल्या अशिलाविषयी आहे.

आता मंडळाच्या सर्वांत लोकप्रिय उपक्रमाकडे वळू. गाण्याची शेवटची ओळ सुरू होण्याआधी तारका एक क्षण मान वळवते आणि नजर खाली टाकते. उजवीकडे, किंचित खाली. चित्रपट असो की मंच, प्रत्येक गाण्यात. आपल्या टी-शर्टांवर छापली आहे ती हीच नजर. दर वर्षी मंडळ त्या नजरेची स्पर्धा घेतं आणि विद्यमान अध्यक्षांनी ती दोनदा जिंकली आहे. दुसऱ्यांदा तर त्यांची मान आठवडाभर तशीच राहिली होती, असं त्यांच्या मातोश्री सांगतात. आमची पत्रकारिताही मागे नाही. एका समीक्षकानं त्या नजरेला "सलज्ज कटाक्ष" म्हटलं आणि त्यावर सबंध रकाना खर्ची घातला. तो समीक्षक मीच. लोकांनी कौतुक केलं होतं. मलाही तो अजून आवडतो. त्यात फक्त एक गोष्ट नव्हती, माहिती.

आणि मग तो सुदिन उगवला. तारका नव्या चित्रपटाच्या प्रचारासाठी याच चित्रगृहात आली. बाजूच्या खोलीत, पॉपकॉर्नच्या खोक्यांमध्ये जागा करून, तिला बसवलं. सभासद जिन्यावर रांगेत उभे. प्रत्येकाला एक मंजूर प्रश्न आणि एक फोटो. संस्थापक म्हणून शंकासुराला पहिला नंबर आणि प्रश्न दिला होता रंगाचा. अध्यक्षांच्या केसांना त्या दिवशी इतकं जेल होतं, की जिन्यात आग लागून पळापळ झाली असती तरी एकही केस जागचा हलला नसता.

शंकासुर आत गेली. तारकेनं सवयीनं सांगून टाकलं, "निळा."

ही म्हणाली, "ते माहीत आहे. मला दुसरंच विचारायचंय. शेवटच्या ओळीआधी तुम्ही उजवीकडे खाली बघता ना, तिथे काय असतं?"

पुढचं मी व्यवस्थापकांच्या तोंडून ऐकलं आहे, ते दारात उभे होते. तारकेनं म्हणे उंच टाचांचे बूट काढले, एका खोक्यावर मांडी घातली, हिला समोरच्या खोक्यावर बसवलं आणि बोलत राहिली. तिचा सचिव दोनदा आत डोकावला. दोन्ही वेळा तिनं त्याला हातानंच बाहेर काढलं. शेवटी गाडी सुटायची वेळ झाली. तारका बूट हातात घेऊनच मागच्या दारानं पळाली. आणि जिन्यावर? जिन्यावर आपण सर्व. केस विंचरलेले, कॅमेरे उघडलेले, मंजूर प्रश्न ओठांवर.

मी हे हलकं समजत नाही. तो फोटो आयुष्यभर पुरला असता. खालच्या पायरीवर एक लहान मुलगी रडत होती, तेही मला ठाऊक आहे. तेव्हा मंडळाला राग आला, तो न्याय्यच होता. त्याच आठवड्यात सभा भरली, सातवा नियम लागू झाला आणि कपाटाच्या दाराला न विचारता संस्थापकाला निवृत्त करण्यात आलं. हाकललं नाही, हे लक्षात घ्या. निवृत्त केलं. सुसंस्कृत समाजाची हीच तर खूण, की तो दार लावताना पुष्पगुच्छ देतो.

ती माझ्याकडे आली. रडली नाही. खुर्चीत पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "मामा, मग मी आता कुणाची चाहती?"

मी म्हटलं, "अगं, चाहती राहायला मंडळ कशाला लागतं?"

"लागतं. गाणं संपलं की शेजारी कुणीतरी लागतं ना, 'पाहिलंस?' म्हणायला." मग गुडघ्यांवर हनुवटी टेकवून, "मला ती आवडते म्हणून विचारलं. आवडत नसती, तर कशाला विचारलं असतं?"

मंडळी, मी इतकी वर्षं प्रश्न विचारून पोट भरतो. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

असो. फार बोललो. तारकेनं तिला जे उत्तर दिलं, ते तिनं मला सांगितलं आहे, पण निरोपाच्या प्रसंगी ते अप्रस्तुत ठरेल. तेव्हा आता मी आयोजकांचे आभार मानतो आणि—

कोण बोललं? मागून. "काय म्हणाली ती?" असंच ना? नाही, ठीक आहे, मला वाटलं कुणी खोकलं. पुन्हा? आता तिसऱ्या रांगेतूनही. "सांगा ना काय असतं तिथे!" अहो, हळूहळू. सगळे एकदम विचारू नका, हा जिना नाही. व्यवस्थापक साहेब, आपणसुद्धा? आपण तर दारात होतात! ऐकू आलं नाही? अरेरे. चिटणीस, हात वर करायची गरज नाही, आपण बसूनही विचारू शकता. हं. विचारलंत. धन्यवाद.

आणि अध्यक्ष महोदय माझ्या कोटाची बाही ओढत आहेत. जरा माइकजवळ या. काय म्हणता? "काका, नक्की काय बघते ती?"

छान. आता चिटणिसांना विनंती, की त्यांनी सातवा नियम पुन्हा एकदा वाचावा. मनातल्या मनात चालेल. कोठेही, केव्हाही व कोणासही. माझ्या अल्प आकलनाप्रमाणे या क्षणी हे सबंध दालन, व्यासपीठासकट, निवृत्त झालेलं आहे. आपणा सर्वांना निवृत्त जीवनासाठी शुभेच्छा. पुष्पगुच्छ एकच आहे, तो आळीपाळीनं घ्यावा.

आता मंडळात कुणीच उरलं नाही. मग ते पुन्हा कुणी काढायचं? ज्याच्याकडे कपाट आहे त्यानं. मी मघापासून पाहतो आहे, या दालनात आज एकच व्यक्ती गप्प बसून आहे. तिला विचारावं लागत नाही, कारण तिला उत्तर माहीत आहे. नव्या मंडळाचे नियम तीच ठरवील. मी मामा म्हणून शब्द टाकीन, की त्या जिन्यावरच्या लहान मुलीला पहिल्यांदा घ्यावं. अध्यक्षांनी अर्ज करावा. केस पाहून विचार होईल.

आता उत्तर. सांगू का गं? ती मान डोलावते आहे. सांगतो.

तारका लहान होती तेव्हा तिचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. छोट्यामोठ्या कार्यक्रमांत ती गायची आणि वडील मंचाच्या उजव्या बाजूला, खाली जमिनीवर, स्वतः जुळवलेला ॲम्प्लिफायर सांभाळत बसायचे. तो तापायचा आणि केव्हाही बंद पडायचा. म्हणून शेवटच्या ओळीआधी ती खाली बघायची. वडिलांनी तळहात वर केला तर अजून एकदा म्हण, आडवा केला तर आटप. आता यंत्रं मोठी आहेत, ती तापत नाहीत. नृत्यदिग्दर्शकांनी पुष्कळदा सांगितलं, खाली बघू नकोस. तिची मान ऐकत नाही. वडील आता घरी असतात, टीव्हीसमोर. तिची आई सांगते, मुलीचं गाणं लागलं की शेवटच्या ओळीआधी ते खुर्चीतून हात वर करतात. "अजून एकदा म्हण" असा. ती कितीही वाईट गायली तरी.

ती म्हणाली, इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नाही.

हा माझा "सलज्ज कटाक्ष". माझ्या रकान्यासकट तो मी परत घेतो. टी-शर्टांचं काय करायचं ते आपलं आपण पाहा. माझ्या मते, आता ते घालायला हरकत नाही.

तर मंडळी, या दालनाबद्दल व्यवस्थापकांचे, नियमावलीबद्दल चिटणिसांचे आणि वेळेवर तोंड उघडल्याबद्दल आपणा सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या भरात कुणाचे केस, कुणाचा कायदा किंवा कुणाची मान दुखावली असेल, तर मामा लोकांचा हा वंशपरंपरागत दोष समजून पोटात घालावं. अजून बरंच बोलता आलं असतं. पण माझी भाची तिथे बसली आहे, माझ्या उजव्या हाताला, व्यासपीठाच्या खाली, आणि मघापासून मीही सारखा तिकडेच पाहतो आहे.

तिनं आत्ताच तळहात आडवा केला.