अकरा मिनिटांनंतरची शाल

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय यमुताई देवतळे, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या पियानोवादक ताराताई काळमेघ, आमच्या सांस्कृतिक मंडळाचे सभासद, आणि पंख्याखालची जागा हेरून बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी बाबाराव ठोंबरे, मंडळाचा सचिव. मुळात संत्रेवाला माणूस. नरखेडकडे बगीचा आहे. संगीतातलं मला किती कळतं, ते आमच्या घरून ऐका. काल सौभाग्यवती जिजाबाई म्हणाल्या, "अवो, तुमाले समजते तरी का त्यातलं? काहून भाषण करून राहिले तुम्ही?" प्रश्न रास्त आहे. पण हे भाषण मलाच करावं लागणार होतं.

ताराताईंचे वडील रेल्वेत होते. रेल्वेच्या क्लबात एक जुना पियानो पडला होता, त्याच्या चार पट्ट्या वाजतच नसत. त्यावर ही मुलगी शिकली. एकोणिसाव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून व्हिएन्नाला गेली आणि पुढची सत्तावीस वर्षं युरोपातल्या सभागृहांत वाजवत राहिली. मग इथे आई अंथरुणाला खिळली, म्हणून परतली. आईचं सहा वर्षं केलं. आई गेल्यावर परत का नाही गेलात, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "सहा वर्षांत तिकडे आपल्या जागी दुसरं कोणी बसतं, बाबारावजी."

त्यांचा पियानो जहाजाने मुंबईला आणि तिथून ट्रकने नागपूरला आला. आता आपला मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. कोरड्या हवेने लाकूड तडकू नये म्हणून त्या पियानोखाली पाण्याची भांडी ठेवत, आणि कूलरच्या ओल्या झोताने तो बिघडू नये म्हणून त्या खोलीत कूलर लावत नसत. नागपुरात, मे महिन्यात, बिना कूलरची बाई! शेजारी म्हणायचे, डोकं फिरलंय. मीही म्हणायचो.

आता मुद्द्यावर येतो. 

एकोणीस वर्षांपूर्वी, त्या परतल्या त्या हिवाळ्यात, याच सभागृहात आपण त्यांचा कार्यक्रम ठेवला. आयोजक मीच. रचना तीन भागांची होती. तसं पत्रिकेत छापलं होतं, आणि पत्रिका मीच छापून आणली होती. वाचली मात्र नव्हती. पहिला भाग अकरा मिनिटांचा. तो झाला, ताईंनी हात उचलून मांडीवर ठेवले. सभागृह चिडीचूप. मला वाटलं, संपलं! प्रमुख पाहुण्यांना एका लग्नाला जायचं होतं, ते सारखे घड्याळ बघत होते. मी जोरात टाळी वाजवली. तुम्हीही वाजवली. आणि मी शाल-श्रीफळ घेऊन थेट स्टेजवर.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग उठल्या, शाल घेतली, नमस्कार केला. मी आभार मानले आणि संत्रा बर्फी व चहाची घोषणा करून टाकली. लोक उठले. ताई पुन्हा त्या स्टुलावर बसल्या, मांडीवर नारळ घेऊन, बराच वेळ. मी शेजारच्यांना म्हणालो, "बघा, किती भारावल्या आहेत!"

हसू नका हो. म्हणजे, हसा. मीही पुढे अकरा वर्षं हाच किस्सा यशस्वी कार्यक्रम म्हणून सांगत होतो.

आठ वर्षांपूर्वी आम्ही बेसा भागातल्या त्यांच्याच इमारतीत राहायला आलो, त्यांच्या खालच्या मजल्यावर. रोज संध्याकाळी वरून एक संथ, फार एकटी अशी धून यायची. एकदा संत्र्यांची पेटी घेऊन वर गेलो आणि विचारलं, "ताई, ही नवीन का?"

"नवी नाही. त्या दिवशी राहिलेला दुसरा भाग आहे."

मी म्हणालो, "अहो, मग तेव्हाच सांगायचं ना!"

"लोक उठले होते, बाबारावजी."

एवढंच. राग नाही, टोमणा नाही. त्यांनी मला चहा दिला. तो पिऊन मी खाली आलो.

सगळ्या गावाला वाटलं, ताईंचा कार्यक्रम तर होऊन गेला. मग आपण त्यांना दीपप्रज्वलनाला बोलावलं, गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक केलं, महिला दिनाला पाहुण्या केलं. गेल्या आठवड्यात जिजाबाई त्यांचं सामान बांधायला गेल्या होत्या. कपाटात एकेचाळीस शाली निघाल्या, सगळ्या प्लास्टिकच्या पिशवीतच. वाजवायला मात्र पुन्हा कोणी बोलावलं नाही. मीही नाही. मला तोंड वर करून विचारायची लाज वाटत होती, आणि माझ्या लाजेपायी त्या वर आठ वर्षं खिडकी लावून एकट्याच वाजवत राहिल्या.

उद्या ताई पुण्याला भाचीकडे निघाल्या. तिच्या घरात पियानो मावत नाही. तो मुंबईच्या एका संगीत शाळेत जाणार आहे. आज सकाळी दहा जणांनी उचलून तो इथे आणला, तुमच्यासमोर आहे.

परवा मी धीर करून त्यांना विचारलं, "ताई, राहिलेलं वाजवाल?" त्यांनी उजव्या हाताचं एक बोट चोळलं, ते हल्ली नीट वळत नाही. मग मला विचारलं, "लोक बसतील का?"

याचं उत्तर मी कुठून देणार? ते तुमच्याकडे आहे.

अध्यक्ष महोदया, पाहुणे मंडळी, आपण वेळ काढून आलात, मंडळ आपलं ऋणी आहे. आजची शाल जिजाबाईंच्या पिशवीत आहे आणि ताई स्वतः स्टुलावरून उठेपर्यंत ती पिशवी उघडायची नाही, असं मी त्यांना बजावलं आहे. चहाही तोवर कोणी मांडायचा नाही. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर आपण मोठ्या मनाने सोडून द्या. ती एक चूक मात्र तुम्ही माफ करून चालणार नाही. ती माफ करायची की नाही, ते ताईंनीच बघावं.

ताई, तुम्ही मधे थांबाल, हात मांडीवर ठेवाल. तेव्हा मी टाळी वाजवणार नाही. आपण सुरू करा. आम्ही बसलो आहोत.