हळदीचा म्हणून दिलेला डाग

मंडळी, ऐका. मला सांगा, डाग पडला हे पाप, की डागाला खोटं नाव दिलं हे पाप? बरं, राहू द्या, गोष्ट सांगतो.

एका गावी होते गजाननपंत टेंबे, दत्तमंदिराचे अध्यक्ष. कडक माणूस! शाळेत पोरांना अंडं देतात म्हणून तहसीलवर मोर्चा नेलेला. आणि दत्तजयंतीच्या दोन दिवस आधी हेच पंत तालुक्याला, स्टँडमागच्या हॉटेलात, भिंतीकडे तोंड करून — काय खात होते? हाफ फ्राय! डॉक्टरांनीच सांगितलं होतं म्हणे. पाप डॉक्टरांच्या नावावर!

पिवळा बलक फुटला तो थेट धोतरावर. धोतर वडिलांचं, सुती, अभिषेकाला दरवर्षी तेच नेसायचं; त्या दिवशी मात्र घाईत तेच नेसून निघाले होते. पंत धावले लाँड्रीवाल्या इंदूबाईंकडे. तिनं विचारलं, डाग कशाचा? पंत म्हणाले, "हळदीचा."

आता इंदूबाईंकडे एक पावडर होती. तिच्यात विकर असतं, एन्झाइम म्हणतात ते. अंडं, दूध, रक्त — यांतली प्रथिनं कापडाला धरून बसतात. विकर त्यांचे बारीक तुकडे करतं, आणि ते पाण्याबरोबर निघून जातात. पण त्याला पाणी कोमट लागतं आणि थोडा वेळ द्यावा लागतो. आपल्याला देवळातसुद्धा धीर नाही, ही गोष्ट वेगळी!

पण हळद म्हटल्यावर बाईनं पावडर ठेवली बाजूला. धोतर टाकलं उकळत्या साबणात, मग उन्हात. झालं — अंडं शिजलं! धाग्याधाग्यात बसलं.

पंत न्यायला आले. बाई शांतपणे म्हणाली, "पंत, हळदीला साबण लागला की ती लाल होते. हा पिवळाच राहिलाय." हे कुठल्याही स्वयंपाकघरात ठाऊक असतं. पंत तिथं कधी गेले होते?

पंतांची मान खाली गेली. हळूच म्हणाले, "अंडं होतं. आता त्या पावडरीनं जाईल का?"

"तेव्हाच सांगितलं असतंत तर गेलं असतं. आता आशा नाही."

वडिलांचं धोतर हो! पंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. दत्तजयंतीला डाग निऱ्यांत दडवून ते गाभाऱ्यात उभे राहिले, आणि गाव म्हणालं, काय सोवळं आहे!

हसलात? हसा. पण आपण देवापुढे काय करतो? रागाला शिस्त म्हणतो, हावेला संसार म्हणतो. वर कढत आसवं ओततो आणि विचारतो, देवा, डाग का जात नाही? अरे, तो बिचारा अजून हळदच धुतोय!