फडातली पालकसभा

पालक शाळेकडं लक्ष देत नाहीत म्हणता? ऐका मग.

आमची पालीजवळची जिल्हा परिषदेची शाळा. दिवाळी झाली की निम्मे आई-बाप ऊसतोडीला जातात, लेकरं गावात आजी-आजोबांकडं राहतात. यंदा म्हटलं, पालकसभा व्हिडिओ कॉलवर घेऊ. तिकडं उसाच्या फडात सगळी टोळी एका मोबाईलभोवती गोळा झाली. मी वर्गात फोन समोर धरला अन् सुरू झालो. हजेरी सांगितली, अभ्यास सांगितला, "लेकरांना मधेच तिकडं नेऊ नका" हे तर दोनदा सांगितलं. समोर सगळे माना वाकड्या करून मोबाईलमधी बघत होते. मला वाटलं, लई मनावर घेतलंय.

शेवटी विचारलं, "कुणाला काही बोलायचंय का?"

चौथीतल्या पूजाची आई कोयता खाली ठेवून पुढं आली.

"सर, तुमचं समदं पटतंय. आमी न्हाई नेणार. पण जरा बाजूला सरका की. मागं लेकरं बसल्यात, तुमच्यामुळं दिसंनात."

मी गुमान सरकलो. ती मोबाईलच्या अगदी जवळ वाकली. मग म्हणाली, "पूजे, वेणी कुणी घातली गं?"

"आज्यानं," पूजा म्हणाली. "लई वाकडी झाली का?"