पाचोळ्यातली अरणै

आमचे पूर्वज तंजावरला कधी आले ते मला विचारू नका, मी तंजावरात जन्मलों, मद्रासेत वाढलों आणि चौतीस वर्षं एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडर होतों. तुम्ही पुण्याच्या, तुमची मराठी चोखट, आमचं बोलणं ऐकून हसाल, हसा हो. तुम्ही सापसुरळी म्हणता ना, तिला इकडे अरणै म्हणतात. अंग तेल चोपडल्यासारखं चकचकीत, पाय असून नसल्यासारखे, लोक सापच समजतात. आणि इथलं म्हणणं काय, अरणै चावली की मरण.

दरवर्षी नवीन मुलं आली की बरणीतली अरणै दाखवून मी सांगायचों, बाबांनो, हिला विष नाही, ही पाचोळ्यात राहते, झुरळं, नाकतोडे, वाळवी खाते, हिला माराल तर वाळवी तुमचं घर खाईल. प्रोफेसरांच्या आधी मीच सांगायचों, एवढी घमेंड मला.

आता इथे मद्रासेतच वेलचेरीत लेकाकडे असतों, तळमजल्यावर. मागे भिंतीलगत आंब्याचा पाचोळा, त्यात एक मोठी अरणै होती. नात मीनू सहा वर्षांची, मराठी समजते पण बोलते तमिळ, मला ताता म्हणते. भिऊ नको, ती काही करत नाही, असं तिला मीच शिकवलों. आणि काय सांगू तुम्हाला, एक दिवस सकाळी पोर तिला मुठीत धरली आणि ती बोटाला चावली. रक्त नाही, पोर रडलीसुद्धा नाही, आणि मी, चौतीस वर्षं सांगणारा मी, चप्पल काढलों आणि ठेचलों तिला. शेपटी तुटून वेगळी वळवळत होती. तसाच अनवाणी पोरीला उचलून ऑटोत बसलों. डॉक्टर म्हणाले, अहो अय्या, साबणानं धुवा, झालं.

परतताना पोर विचारली, ताता, विष नाही म्हणालात ना, मग मारलंत का. मी म्हटलों, भ्यालों गं.

तेव्हापासून मागचा पाचोळा मी झाडू देत नाही. बिल्डिंगचे लोक कुरकुरतात, साप येतील म्हणतात, येऊ देत म्हणतों. गेल्या आठवड्यात एक आली, दुसऱ्या जातीची, बारकी, लाल शेपटीची. मीनू उकिडवी बसून बघत होती. मी जवळ गेलों तर हळूच म्हणाली, ताता, तुम्ही आत जा, मग ती बाहेर येईल.

गेलों आत. आता रोज आपणहून जातों. खिडकीतून दिसतं तेवढं बघतों, दोघी सुखात आहेत, असोत बिचाऱ्या.